मे महिन्यातलं, जूनमध्ये

"गेला एकदाचा," म्हणत वहिनींनी आमसुलांची सुपली गडग्यावर ठेवली.

आमसुलं वाळवायला त्यांच्या पडवीत भरपूर जागा आहे. सुपली गडग्यावर आली म्हणजे वहिनींना बोलायचं असतं. मीही हातातला खराटा टेकवून ठेवला.

"कोण, नातू?"

"नातूच. काल तुतारी एक्स्प्रेसला बसवून दिला. त्याच्या आईचा सारखा फोन. क्लास सुरू झाला, क्लास सुरू झाला. दहावीचं वर्ष ना! एप्रिलपासून व्हेकेशन बॅच का काय ती चालू होती म्हणे. ती बुडवून हा इथं आंबे खात बसला."

"आंबेच ना?"

"तेच तर सांगत्ये!"

वहिनींनी आधी मागे बघितलं, मग पाखाडीकडे. कोणी नव्हतं. तरी आवाज खाली आला. कोकणात एवढा पाऊस पडतो, पण गावातली गोष्ट कधी त्यात विरघळून गेलेली मी बघितली नाही.

"बाई, तुम्ही शाळेत जन्म काढलात. तुमच्या लक्षात आलंच असेल."

आलं होतं. सगळ्या गावाच्या आलं होतं. पण सरळ 'हो' म्हटलं तर वहिनींची हौस फिटत नाही, म्हणून मी नुसतं "काय हो?" म्हटलं.

"आला तेव्हा दहा वाजेपर्यंत अंथरुणात. तोंडात एकच, आजी, रेंज कुठे येते? कुळथाची पिठी पुढ्यात आली की नाक मुरडायचा. मेचा पहिला पंधरवडा असाच गेला. आणि मग काय भूत शिरलं कोण जाणे, सकाळी सहाला उठून कळशी घेऊन विहिरीवर! घरात नळ आहे, नळाला पाणी आहे. मी म्हटलं, अरे मेल्या, कशाला? तर म्हणतो, व्यायाम होतो."

"आणि विहिरीवर व्यायामाला आणखी कोण येतं?"

"वरच्या वाडीतली." नाव त्यांनीही घेतलं नाही, मीही विचारलं नाही. गप्पांनाही काही रीत असते.

तर ओळख झाली ती बागेत. वरच्या वाडीतल्या त्या मुलीच्या काकानं खालच्या अंगाची बाग कराराने घेतलेली आहे. मेच्या मध्यानंतर हापूसचा भाव उतरतो, पेटीला पूर्वीसारखं गिऱ्हाईक राहत नाही आणि उरलेला आंबा किलोवर कॅनिंगला जातो. मग घरातली शाळकरी पोरं बागेत. कोणी झेल्यानं आंबा उतरवतं, कोणी डागी वेगळा काढतं, कोणी क्रेट भरतं. तिच्याकडे क्रेट मोजायचं आणि हिशोब लिहायचं काम होतं. वह्या-पुस्तकांचे पैसे त्यातूनच सुटतात. आठवीपर्यंत पुस्तकं सरकार देतं, दहावीची विकत घ्यावी लागतात. आमचा डोंबिवलीकर नातू हौसेनं मदतीला गेला आणि पहिलाच आंबा देठ मोडून काढला. देठ मोडला की चीक आंब्यावर ओघळतो, साल भाजल्यासारखी होते आणि त्या आंब्याला कोणी विचारत नाही. तिनं त्याला सगळ्यांदेखत झापलं.

"तिथूनच सुरू झालं," वहिनी पंचांनी निकाल द्यावा तशा म्हणाल्या. "ज्याला घरात कोणी एक शब्द बोललेलं खपत नाही, तो दुसऱ्या दिवशी परत गेला."

मग सडा. आमच्या सड्यावर कातळात कोरलेल्या काही आकृत्या आहेत. काशेळीला आहे तसला अजस्र हत्ती नाही आमच्याकडे, पण आहेत थोड्या. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हापासून पाव्हण्यांना दाखवायची सोय झाली. नातवाला एकाएकी प्राचीन इतिहासाची गोडी लागली.

"हजारो वर्षं ती चित्रं तिथं आहेत," वहिनी म्हणाल्या, "आम्ही लहानपणापासून त्यांच्यावरून गुरं नेली. आणि हा दिवसाआड उन्हात चढतोय बघायला! मी विचारलं, काय बघितलंस? तर म्हणे, मासा. दोन दिवसांनी विचारलं, तर म्हणे, मासाच."

वहिनींनी स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. शेळ्या घेऊन सड्यावर जाणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून त्यांनी खबर काढली. दोघं कातळावर बसलेली होती. मध्ये चांगलं दोन हात अंतर. हातात पेप्सीकोला. त्याचा फोन दोघांच्या मध्ये, आणि ती वहीत काहीतरी उतरवून घेत होती.

"काय उतरवत होती?"

"बीजगणित!" वहिनींच्या आवाजातली निराशा लपेना. "त्याच्या क्लासच्या नोट्स म्हणे फोनवर आलेल्या असतात. त्या हा तिला दाखवत होता. व्हेकेशन बॅच त्यानं बुडवली आणि पूर्ण केली हिनं."

मला हसू आवरेना. वहिनीही हसल्या. मग एक आमसूल उचलून दाबून बघितलं, अजून ओलंच होतं. यंदाही रतांबे वेळेत उतरवताना त्यांची धावपळ झाली. २०२५ साली तर पाऊस २६ मेलाच मुंबईत जाऊन थडकला होता, तेव्हा अर्धे रतांबे झाडाखालीच कुजले. मिरगाची वाट बघायची, आगोटीची बेगमी करायची, कौलं परतून घ्यायची, हे सगळं जिथल्या तिथं राहिलं. त्या वर्षी मेमधल्या पोरांच्या गोष्टीही आठ-दहा दिवस आधीच आटोपल्या असतील.

"आमच्या वेळी बरं होतं," वहिनी म्हणाल्या. "बोट बंद झाली की संपलं."

हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. मुंबईहून एकेक बंदर करत रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्यावरून गोव्यापर्यंत बोट जायची. खाडीच्या तोंडाशी ती उभी राहायची आणि पडावातून माणसं चढायची-उतरायची. समुद्र खवळायच्या आत ती बंद होत असे आणि पाऊस सरेपर्यंत सुरू होत नसे. त्यामुळे चाकरमान्यांची पोरं मेअखेर शेवटची बोट गाठायची. तिकडे त्यांच्या शाळा उघडायच्या, इकडे लावणीची घाई. मधल्या पावसात एखादं आंतर्देशीय पत्र आलं तर आलं. पुढे एसटीची लाल गाडी रात्रभर धक्के देत नेऊ लागली. १९९८ पासून कोकण रेल्वे मुंबईपर्यंत पुरी धावायला लागली, आणि आता संध्याकाळी बसलेला पोरगा उजाडता दादरला. रेल्वे पावसातही चालते. वेळापत्रक बदलतं, गाडी हळू जाते, पण जाते. आणि फोन तर थांबतच नाही.

"बरं होतं म्हणता, पण पत्राचं काय झालं होतं ते तुम्हीच मागे सांगितलं होतंत," मी म्हटलं.

वहिनी गप्प झाल्या. गोष्ट त्यांच्या मामेबहिणीची. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे, ती दहावीत होती. मेमध्ये शेजारच्या घरी गिरगावातून एक मुलगा आला होता. दोघं मिळून करवंदं काढायची, फार तर वाचनालयातली पुस्तकं बदलून वाचायची. तो शेवटच्या बोटीनं गेला आणि श्रावणात त्याचं पत्र आलं. पत्रात होतं काय? पुस्तक पोचल्याची पोच आणि शाळेत झालेल्या भाषणस्पर्धेची हकिगत. पण ते ओटीवर काकांच्या हातात पडलं, काकांनी ते मोठ्यानं वाचलं आणि संध्याकाळपर्यंत गडग्यागडग्यावरून चार वाड्यांत गेलं. प्रत्येक गडग्यावर त्यात एक वाक्य वाढलं. तुळशीचं लग्न झालं आणि त्याच महिन्यात हिचं लावून दिलं. मॅट्रिक राहिलीच. गिरगावचा तो मुलगा पुढे शिकून मोठा बँक अधिकारी झाला.

"त्यानं काय वाईट केलं होतं?" वहिनी म्हणाल्या.

"त्यानं काहीच केलं नव्हतं. हिनंही नाही. केलं ते गडग्यांनी."

"म्हणजे मी?"

"मीसुद्धा. दोघीही इथंच उभ्या आहोत की."

इथं जरा बाजूला होऊन बोलते. इतकी वर्षं शाळेत काढल्यावर जूनमधला शाळेचा पहिला आठवडा मला तोंडपाठ आहे. पंधरा जूनच्या आसपास शाळा उघडते. विदर्भात ऊन उतरायचं असतं म्हणून तिकडे थोडी उशिरा. प्रवेशोत्सवाच्या रांगोळ्या पावसानं पुसून जातात, व्हरांड्यात छत्र्यांची रांग लागते, गणवेश दमट, नवी पुस्तकंसुद्धा दमट. आणि मराठीच्या तासाला ठरलेला निबंध, मी सुट्टी कशी घालवली. मी शेकड्यांनी तपासले असतील. मामाचा गाव, आंबे, समुद्र, आजीच्या गोष्टी. खरी सुट्टी एकाही वहीत सापडली नाही. एवढं मात्र दिसायचं की एप्रिलपर्यंत पानंच्या पानं लिहिणारी एखादी मुलगी अर्ध्या पानात निबंध संपवून खिडकीबाहेर बघत बसायची. मी त्या निबंधाला नेहमी चांगले गुण दिले. तेवढंच माझ्या हातात होतं.

शहरात गेलेल्या पोराला विसरायला फार काही लागत नाही. सकाळची लोकल, शाळा, संध्याकाळी क्लास, रविवारी टेस्ट सिरीज, गल्लीतलं क्रिकेट. आठवडाभरात मेमधली गोष्ट मित्रांना रंगवून सांगण्यापुरती उरते, आणि सांगताना ती वाढतेच. मागे राहिलेल्या मुलीला तीच विहीर, तीच बाग, तीच पाखाडी रोज दप्तर पाठीवर टाकून ओलांडावी लागते. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'मध्ये उलटं आहे. तिथं शिरोडकर गाव सोडून जाते आणि नववी संपवून जोशी मागे राहतो. म्हणूनच ती कादंबरी जोशीची झाली. जाणाऱ्याला पुढचं स्टेशन असतं, लिहिण्यासारखं सगळं राहणाऱ्याकडे साठतं. पण आपल्याकडच्या गप्पांत बघा. नातू गेला, नातू उदास दिसत होता, नातवानं गाडीत डबा उघडलासुद्धा नाही. वरच्या वाडीतली कशी आहे हे अजून कोणी विचारलेलं नाही. आणि विचारणार ते भलत्याच कारणासाठी.

"मी विचारणार आहे," वहिनी म्हणाल्या. "उद्या बाजारात तिची आई भेटेल. सहज म्हणून खडा टाकून बघते."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? मुलगी आहे, बाई. उद्या काही झालं तर म्हणतील, शेजारणीला माहीत होतं आणि बोलली नाही."

वहिनींच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पंधराव्या वर्षी पोरांना आपलं आपल्यालाच कळत नाही. आईनं विचारावं, फोनही बघावा, गरज पडली तर रागवावं. पण बाजारात टाकलेला खडा आईजवळ थांबत नाही. मासळीच्या पाटीपाशी चार जणी उभ्या असतात. त्यांतल्या एकीच्या कानावर 'सडा' पडतो, दुसरीच्या 'मुंबईचा', आणि घरी पोचेपर्यंत बीजगणित गळून गेलेलं असतं.

"पुढचं गणित मांडून बघा," मी म्हटलं. "तिची आई घरी जाऊन काय करील? फोन काढून घेईल. ठीक आहे, तेही चालेल. मग संध्याकाळचा जादा तास बंद. अंधार पडतो, कशाला जायचं? मैत्रिणीकडे अभ्यासाला जाणं बंद. तरीही ती दहावी पास होईल. कोकण बोर्डात नापास व्हायलाच कष्ट पडतात. २०२५ साली आपल्या विभागाचा निकाल ९८.८२ टक्के लागला, बोर्ड वेगळं झाल्यापासून दरवर्षी आपलाच विभाग राज्यात पहिला. प्रश्न दहावीचा नाहीच. अकरावी कुठे आहे?"

"तालुक्याला."

"सकाळची एसटी पकडून जायचं, दुपारची चुकली तर तिन्हीसांजेला परत यायचं. मुलींना पास फुकट आहे, बारावीपर्यंत. पैशाचं कारण कोणी देऊ शकत नाही. मग कोणतं कारण देतात? लोक काय म्हणतात ते. पुढच्या जूनमध्ये तिचा बाप तिला त्या गाडीत बसवणार की नाही, हे या जूनमध्ये लोक काय म्हणतात त्यावर ठरणार आहे. आणि तुमचा नातू? त्याच्याबद्दल लोक काय म्हणतील?"

वहिनी विचार करून म्हणाल्या, "म्हणतील, हुशार आहे. आजोबांवर गेलाय."

"झालं तर."

यावर त्यांनी मला चांगलंच रोखून बघितलं. वहिनींचे यजमान तरुणपणी नाटकात पार्ट करायचे आणि त्यांच्याबद्दलही गडग्यावर बरंच बोललं गेलं होतं. ते कौतुकानंच बोललं जायचं. त्या आठवणीचा इथं उपयोग होईल हे मला माहीत होतं, आणि झालाही.

"विचारायचंच असेल तर डोंबिवलीला विचारा," मी म्हटलं. "फोन तुमच्या घरचा आहे. सड्यावरचे फोटो त्यात आहेत की नाही?"

"आहेत. मला दाखवले. एकात ती हसतेय. छान आलाय."

"तो फोटो त्याच्या क्लासच्या ग्रुपवर गेला तर? पोरं त्यावर काय काय लिहितील? तिथून तो आपल्या गावातल्या कोणाच्या पुतण्याकडे यायला किती वेळ लागतो? बोटीच्या काळात पत्र यायला श्रावण उजाडला होता. आता आमसूल वाळायच्या आत परत येईल."

हे मात्र वहिनींना लागलं. त्यांना फोन फारसा वापरता येत नाही, पण लग्नातला त्यांचा झोपलेला फोटो घरच्या ग्रुपवर फिरला होता तो त्या विसरलेल्या नाहीत.

"त्याच्या आईला सांगू?"

"आईला नको. ती त्याचा फोन तर घेईलच, वर इथं फोन करून मुलीच्या घरच्यांना दोन शब्द सुनावील. तुम्हीच त्याला सांगा. आजीचं पोरं ऐकतात. म्हणावं, नोट्स पाठवायच्या असतील तर पाठव, खुशाल पाठव, फोटो कोणाला दाखवायचा नाही. आणि मित्रांत तिचं नाव काढायचं नाही. तिच्या नावाचं इथं काय होतं ते तुला तिथं बसून कळणार नाही."

"मामेबहिणीचं सांगू त्याला?"

"सांगा की. पंधरा वर्षांचा आहे, समजेल."

वहिनींनी सुपलीतली आमसुलं उलटी केली. मग एकदम आठवण झाल्यासारख्या म्हणाल्या, "अहो, काल स्टेशनवर जाताना काय विचारत होता माहिती आहे? आजी, गणपतीचं रिझर्वेशन कधी उघडतं? आरतीचं एक कडवं धड येत नाही, चालला गणपतीला!"

"मग काय सांगितलंत?"

"मी काय सांगणार? त्यानंच फोनवर बघितलं. पूर्वी चार महिने आधी उघडायचं, आता साठ दिवस आधी. तारीख काढून ठेवलीय. बापाला म्हणाला, मी सकाळी आठला स्वतः बसून तिकिटं काढतो, तुम्ही झोपा. उभ्या जन्मात हा सकाळी आठला कशाला उठला नाही."

"विहिरीवर सहाला उठत होता ना?"

"ते व्यायामाला," वहिनी म्हणाल्या आणि आम्ही दोघी हसलो.

गणपतीचं सांगायचं तर माझा अनुभव असा की मेमधल्या बहुतेक गोष्टी चतुर्थीपर्यंत टिकत नाहीत. मधे घटक चाचणी होते, पोरांचा आवाज फुटतो, उंची वाढते, केसांची नवी तऱ्हा येते. आरतीच्या गर्दीत दोघं समोरासमोर येतात आणि दोघांनाही कळत नाही की मेमध्ये आपण बोलत होतो ते नक्की कशाबद्दल. मग एकानं झांजा वाजवायच्या, दुसरीनं प्रसाद वाटायचा, झालं. क्वचित एखादी टिकते. तशी दोन जोडपी आमच्याच वाडीत नांदताहेत आणि त्यांच्या भांडणांचे आवाज बाकीच्या जोडप्यांइतकेच मोठे असतात. पण टिको वा न टिको, ते त्या दोघांचं त्यांना ठरवू द्यावं. चतुर्थीपर्यंत वेळ आहे. तोवर आपण त्यात पाणी घालू नये आणि विस्तवही सारू नये.

तेवढ्यात पाखाडीवरून वरच्या वाडीतली पोरं शाळा सुटून येताना दिसली. त्यांत ती होती. वहिनींनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि तिला हाक मारून विचारलं, "काय गो, बीजगणिताला कोण आहे यंदा शिकवायला?"

"नवीन सर आलेत आजी," ती म्हणाली आणि गेली. चेहऱ्यावर काही दिसलं की नाही हे मी सांगणार नाही. बघितलं मात्र आम्ही दोघींनीही.

वाचणाऱ्यांना एकच विनंती. हे गाव कुठलं, ती वाडी कुठली, मुलगी कोणाची, याचा तपास करत बसू नका. कोकणातल्या कुठल्याही गावात विचारलंत तरी अशी एखादी सापडेलच, आणि तिची यंदा दहावी आहे.